कर वाचवायचा, पण सही समजून करायची

जानेवारी संपत आला की गावात दोन प्रकारची माणसं दारात येतात. एक हळदीकुंकवाला, दुसरी पॉलिसी विकायला. "ताई, मार्च जवळ आलाय, साहेबांचा टॅक्स वाचेल, इथे सही करा." आपण सही करतो आणि चहा ठेवायला आत जातो. ती सही कशाची होती, हे बऱ्याच घरांत पाच वर्षांनी कळतं. म्हणून आज आपण आयकराबद्दल बोलणार आहोत. गुंतवणूक करून कायद्यात राहून कर कसा कमी होतो आणि त्यात आपल्या नावाचा, आपल्या सहीचा काय संबंध येतो, ते बघू. आकडे 2025-26 या आर्थिक वर्षाचे आहेत.

पहिला प्रश्न असा, की आपल्या घरात कुणाला कर लागतो तरी का? ज्याला कर लागतच नाही, त्याने कर वाचवायला पैसे अडकवायचं काही कारण नाही.

शेतीच्या उत्पन्नावर केंद्र सरकारचा आयकर नाही. ज्वारी, कांदा, ऊस, भाजीपाला हे सगळं त्यात आलं. रोपवाटिकेतल्या रोपांचं उत्पन्नही कायदा शेतीचंच मानतो, हे रोपं विकणाऱ्या गटांनी लक्षात ठेवावं. पण दूध, कोंबड्या, शेळ्या हे जोडधंदे शेतीच्या उत्पन्नात बसत नाहीत. पापड, मसाले, शिवणकाम, किराणा दुकान यांचा नफा, पगार आणि ठेवीचं व्याज हेही उत्पन्नात धरायचं. आणखी एक गोष्ट. ज्याचं हे दुसरं उत्पन्न करमाफ मर्यादेच्या वर आहे, त्याच्या कराचा दर ठरवताना शेतीचं उत्पन्नही हिशोबात घेतात. म्हणून नोकरदाराने ते रिटर्नमध्ये दाखवायचं असतं.

आता दुसरा प्रश्न. कर भरायच्या पद्धती दोन आहेत, जुनी आणि नवी. आपण काही कळवलं नाही तर नवीच धरली जाते. नव्या पद्धतीत 4 लाखांपर्यंत करच नाही. त्यापुढे दर लागू होतात, पण करपात्र उत्पन्न 12 लाखांपर्यंत असेल तर सूट मिळून कर शून्य होतो. पगारदाराला आणि पेन्शनवाल्याला वर 75,000 रुपयांची सरसकट वजावट आहे, म्हणजे पगार पावणेतेरा लाखांपर्यंत असला तरी कर नाही. मात्र शेअर, म्युच्युअल फंड किंवा जमीन विकून नफा झाला असेल, तर त्याचा हिशोब वेगळा होतो.

जुन्या पद्धतीत साठ वर्षांखालच्या माणसाला अडीच लाखांपर्यंतच माफी आहे. पण तिथे गुंतवणुकीची वजावट मिळते. पीपीएफ, सुकन्या समृद्धी, विम्याचा हप्ता, पोस्टाची राष्ट्रीय बचत पत्रं, पाच वर्षांची करबचत ठेव, दोन मुलांची शिकवणी फी, घरकर्जाच्या मुद्दलाची फेड हे सगळं मिळून वर्षाला दीड लाखापर्यंत. यालाच लोक 80सी म्हणतात. आरोग्य विम्याच्या हप्त्याची वजावट वेगळी.

उदाहरण घेऊ. समजा, घरातल्या शिक्षकाचा वर्षाचा पगार 9 लाख 60 हजार आहे. जुन्या पद्धतीत 50 हजारांची सरसकट वजावट आणि 80सीचे पूर्ण दीड लाख वजा केले, तर 7 लाख 60 हजार उरतात. दुसरी काही वजावट नसेल तर त्यावर उपकरासह 67,080 रुपये कर बसतो. नव्या पद्धतीत दमडीचीही गुंतवणूक दाखवली नाही, तरी कर शून्य. आता सांगा, या घरात "टॅक्स वाचेल" म्हणून घेतलेल्या पॉलिसीने वाचवलं काय?

जुनी पद्धत सगळ्यांनाच तोट्याची, असं मात्र नाही. पगार मोठा, घरकर्जाचं व्याज मोठं, घरभाड्याची सवलत मोठी, अशा घरात ती फायद्याची ठरू शकते. नुसत्या पगारदाराला दरवर्षी पद्धत निवडता येते. धंदा असणाऱ्याला असं सारखं बदलता येत नाही. म्हणून दोन्ही हिशोब कागदावर मांडायचे आणि मग ठरवायचं.

मग पीपीएफ, सुकन्या बंद करायचं का? मुळीच नाही. नव्या पद्धतीत भरलेल्या रकमेची वजावट मिळत नाही, पण या दोन्ही खात्यांचं व्याज आणि शेवटी हातात येणारी रक्कम तिथेही करमुक्त आहे. सुकन्याचं खातं मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत काढावं लागतं. वर्षाला कमीत कमी 250 रुपये, जास्तीत जास्त दीड लाख. पंधरा वर्षं भरायचं, एकविसाव्या वर्षी खातं पूर्ण होतं. पीपीएफला वर्षाला 500 रुपयांपासून सुरुवात करता येते, मुदत पंधरा वर्षांची. हे पैसे मधेच सहज निघत नाहीत. त्यामुळे पेरणीचे, बाळंतपणाचे, आजारपणाचे पैसे यात घालायचे नाहीत.

विमा घ्यायचा तो घरातलं कमावतं माणूस गेलं तर मागच्यांची सोय व्हावी म्हणून. घेताना विचारा: विमा किती रकमेचा, हप्ता किती वर्षं, मधेच सोडली तर हातात किती? पॉलिसी दोन वर्षांच्या आत बंद पडली, तर जुन्या पद्धतीत घेतलेली कराची वजावटही परत उत्पन्नात धरली जाते. म्हणजे हप्ताही गेला आणि सवलतही गेली.

आता आपल्या स्वतःच्या पैशाकडे येऊ. समजा, एका बाईच्या नावावर बँकेत 8 लाखांची मुदत ठेव आहे, व्याज सात टक्के. वर्षाचं व्याज 56,000 रुपये. साठ वर्षांखालच्या माणसाचं एका बँकेतलं व्याज वर्षात 50,000च्या वर गेलं, की बँक दहा टक्के कर कापून घेते. इथे 5,600 रुपये कापले जातील. पॅन दिलेला नसेल तर वीस टक्के, म्हणजे 11,200. साठ आणि त्यापुढच्या वयाला ही मर्यादा एक लाख आहे.

या बाईचं बाकी उत्पन्न फारसं नाही, तिला कर लागत नाही. मग तिचे पैसे का कापावेत? यासाठी 15जी नावाचा फॉर्म आहे. साठ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी 15एच. "माझ्या एकूण उत्पन्नावर कर लागत नाही, म्हणून कापू नका" असं त्यात लिहून द्यायचं. हा फॉर्म दरवर्षी, शक्यतो एप्रिलमध्येच द्यायचा. दोन बँकांत ठेवी असतील तर दोन्हीकडे. पोच घ्यायची आणि पासबुकात ठेवायची. पैसे आधीच कापले गेले असतील तर ते बुडाले असं समजू नका. आयकराचं रिटर्न भरलं की परत मिळतात.

पण हाच फॉर्म आपल्याला अडचणीतही आणू शकतो. नवऱ्याचा पगार मोठा, त्याला कर लागतो. तो पाच लाख रुपये बायकोच्या नावावर ठेवतो आणि म्हणतो, "तुला कुठे कर आहे, कर 15जीवर सही." कायदा काय म्हणतो? नवऱ्याने बायकोला असेच दिलेले पैसे गुंतवले, तर त्यांचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरायचं. आणि 15जी फॉर्ममध्ये स्पष्ट वाक्य आहे, की हे उत्पन्न दुसऱ्या कुणाच्या उत्पन्नात धरण्याजोगं नाही. म्हणजे सही केली की खोटं आपण लिहून दिलं. त्याला दंड आणि तुरुंगवासापर्यंतची शिक्षा आहे, आणि सही आपली असते.

बायकोच्या नावावर पैसे ठेवूच नयेत, असा याचा अर्थ नाही. जरूर ठेवावेत, अडीअडचणीला तिच्या हाताशी असावेत. व्याज मात्र नवऱ्याने आपल्या हिशोबात दाखवावं. आपण स्वतः शिवणकामातून, दुधातून, मजुरीतून कमावलेले पैसे आणि माहेरहून मिळालेले पैसे आपलेच. त्यांचं व्याजही आपलंच, आणि 15जीही आपण निर्धास्त भरावा. म्हणून पैसा कुठून आला, याची नोंद वहीत ठेवा. गटाची वही लिहितो तशीच घरची.

1 एप्रिल 2026 पासून 1961च्या कायद्याच्या जागी नवा आयकर कायदा लागू होतो आहे. कलमांचे आकडे आणि फॉर्मची नावं बदलू शकतात. तेव्हा एप्रिलमध्ये बँकेत गेलात की चालू फॉर्म मागून घ्या.

गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. प्रत्येकीने आपलं पॅन कार्ड, ठेवीची पावती आणि पॉलिसीचे कागद घेऊन या. ज्या मुलीला वाचता येतं, तिने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं: नाव कुणाचं, वारस कोण, मुदत कधी संपते. कोऱ्या फॉर्मवर सही करायची नाही, अंगठाही द्यायचा नाही, समोर घरचा माणूस असला तरी. "वाचून सांगा, मग करते" एवढं म्हणायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही.

आपले प्रश्न केंद्रावर कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू.