गाजराच्या संकरित बियाण्याचे शास्त्र



संकरित बियाणे महाराष्ट्रातील शेतकऱ्याला नवे नाही. सीएसएच-१ ही संकरित ज्वारी १९६४ साली प्रसारित झाली. तिच्यामागील नर-वंध्यत्वाचे तत्त्व गाजरालाही लागू पडते.

गाजराचा फुलोरा छत्रीसारखा असतो व त्यात शेकडो इवली फुले असतात. संकर करावयाचा तर प्रत्येक फुलातील पाच पुंकेसर पराग सुटण्यापूर्वी खुडले पाहिजेत. आणि एका फुलापासून बिया मिळणार अवघ्या दोन. हे काम हाताने करणे परवडणारे नाही. ज्याला मुळातच कार्यक्षम पराग येत नाही, असे झाडच हवे.

ते निसर्गाने दिले. १९४७ साली वेल्श व ग्रिंबॉल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी पुंकेसर तपकिरी होऊन सुकणाऱ्या झाडांची नोंद केली. पुढे अमेरिकेतील रानगाजरात पुंकेसरांच्या जागी पाकळ्यांसारखे अवयव असलेला दुसरा प्रकार आढळला.

या वंध्यत्वाचे मूळ पेशीद्रव्यातील तंतुकणिकांत आहे, आणि त्या संततीस मातेकडून मिळतात. केंद्रकात वंध्यत्व दूर करणारे जनुक असल्यास मात्र पराग पुन्हा तयार होतो. म्हणून वंध्य वंशाच्या जतनासाठी, असे जनुक नसलेला परंतु पराग देणारा जोडवंश शेजारी लावतात. मधमाश्यांनी त्याचा पराग नेला की वंध्य झाडावरील बी पुन्हा वंध्यच निपजते. जोडवंशाऐवजी निराळा वंश नर म्हणून लावला, तर संकरित बी मिळते. कुलू खोऱ्यातील कटराईन येथे 'पुसा नयनज्योती' हे संकरित वाण याच पद्धतीने तयार झाले.

ज्वारीचा दाणा भरण्यासाठी पराग लागतो. म्हणून तिच्या नर वंशात वंध्यत्व दूर करणारे जनुक असावे लागते. गाजराचे मूळच खावयाचे असल्याने ती गरज उरत नाही. परंतु संकरित पिकातून घरी धरलेले बी मूळ गुणांचे निघत नाही. ते दर वर्षी विकत घ्यावे लागते.

दुसरा धोका एकाच पेशीद्रव्यावर विसंबण्याचा. १९७० साली अमेरिकेत मक्याच्या बहुतेक संकरित वाणांत एकच वंध्य पेशीद्रव्य होते. करपा रोगाने नेमके तेच गाठले आणि सुमारे १५ टक्के पीक बुडाले.

तेव्हा संकरित वाण अवश्य लावावे. पण देशी गाजराचे बीही गावाने राखावे. पुढील संकराची सामग्री त्यातच आहे. शिक्षक व पंचायत सदस्यांनी हे काम हाती घेतल्यास ते अवघड नाही.