राजीखुशीने



मराठी माणसाला गाऱ्हाणं मांडायचं असलं, की अरबी-फारसीतून आलेले शब्द आपोआप तोंडी येतात. मजूर, जखम, नुकसान, दावा, वकील, आणि अर्थातच हक्क. 'मदत' हाही शब्द तिकडचाच. हक्क आणि मदत हे दोघे मराठीत शतकानुशतकं शेजारी नांदताहेत. पण कामावर कुणाचा हात गेला, की मालकाच्या तोंडी त्यातला एकच शब्द येतो. "आम्ही त्याला मदत केली," असं तो सांगतो. या दोन शब्दांत अंतर किती, ते आज बघू.

आमचं कराड कृष्णा-कोयनेच्या संगमावरचं. भोवती ऊस, साखर कारखाने आणि गुळाची जुनी बाजारपेठ. मी कविता लिहितो, बी. ए.पर्यंत शिकलोय. एवढ्या भांडवलावर आसपासचे लोक अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे येतात. असाच गुऱ्हाळावरचा एक मजूर आला. चरकात ऊस सारताना त्याची तीन बोटं गेली होती. मालकानं दवाखान्याचं बिल भरलं, वर पाच हजार रुपये दिले आणि स्टॅम्पपेपरवर अंगठा घेतला. मजकूर नेहमीचाच. रक्कम राजीखुशीने मिळाली, यापुढे कसलीही तक्रार नाही. त्या बिचाऱ्याला वाटलं, विषय मिटला.

कायदा मात्र तसं म्हणत नाही. आपल्याकडे कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1923 साली झाला आणि 1 जुलै 1924 पासून लागू झाला. म्हणजे इंग्रजांच्या अमदानीतच हे ठरलं, की कामामुळे आणि कामावर असताना इजा झाली तर भरपाई देणं मालकावर बंधनकारक आहे. मालकाची चूक होती, हे कामगाराला सिद्ध करावं लागत नाही. विजेवर किंवा इंजिनावर चालणारं गुऱ्हाळही त्यातून सुटत नाही. आणि भरपाईचा हक्क सोडून देणारा कागद, मग तो कितीही राजीखुशीचा असो, कायद्यापुढे रद्दी ठरतो.

रक्कमही कुणाच्या मर्जीवर सोडलेली नाही. कामगाराचं वय आणि मजुरी यांवरून ती काढतात. मृत्यू झाला तर महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग, कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर साठ टक्के, आणि त्याला वयानुसार ठरलेल्या आकड्यानं गुणायचं. चाळिसाव्या वर्षी तो आकडा 184.17 आहे. एका हाताची तीन बोटं गेली, तर कमाईची ताकद तीस टक्के घटली असं कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलंय. आता आपल्या मजुराचं वय चाळीस आणि मजुरी महिना दहा हजार धरा. हिशेब येतो 3 लाख 31 हजार 506 रुपये. हातात पडले होते पाच हजार. मदत आणि हक्क यांच्यातलं अंतर ते हेच.

जखम दिसते तरी. छातीत साठत जाणारी धूळ दिसतही नाही. विट्याच्या यंत्रमागावर कापसाची धूळ आहे, खडीच्या क्रशरवर दगडाची. या धुळीनं होणारे फुप्फुसाचे आजार कायद्यानं व्यवसायजन्य रोगांच्या यादीत घातलेत, आणि अशा रोगालाही अपघातासारखीच भरपाई आहे. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसतं 'दमा' लिहिलं, आणि रोगी काय काम करतो हे लिहिलंच नाही, तर त्या रोगाचा कामाशी असलेला धागा तिथंच तुटतो.

हक्क कागदावर असला तरी तो पदरात पडायला किती वेळ लागावा? उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातली गोष्ट ऐका. साखर कारखान्याचा एक पहारेकरी. पाळी पहाटे तीनची. 22 एप्रिल 2003 रोजी मोटारसायकलवरून कामावर निघालेला हा माणूस कारखान्यापासून पाच किलोमीटर अलीकडे अपघातात गेला. मागे आई, बायको, चार मुलं. 2009 साली 3 लाख 26 हजार 140 रुपये आणि बारा टक्के व्याज मंजूर झालं. 2011 मध्ये उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. कारण, अपघात रस्त्यावर झाला, कामावर नव्हे. अखेर 29 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं भरपाई पुन्हा बहाल केली. वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध असेल, तर कामावर जातायेतानाचा अपघातही कामावरचाच, असा निर्वाळा दिला. पहाटे तीनला कोण हौसेनं घराबाहेर पडतं? पण हे ठरायला बावीस वर्षं लागली.

21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. जाण्यायेण्याच्या वाटेची तरतूद आता त्यातच लिहिलेली आहे. भरपाईचं सूत्र मात्र तेच राहिलं.

तरी एक गोष्ट कायद्याच्या आवाक्याबाहेर उरते. त्या मजुराला मी अर्ज लिहून दिला. त्यानं तो घडी घालून खिशात ठेवला. पुढच्या हंगामात त्याच गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाड घालायचं काम मिळणार होतं, ते त्याला घालवायचं नव्हतं. बीड, नगरकडून येणाऱ्या ऊसतोड मजुरांची गत याहून बिकट. त्यांनी मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. अपघात झाला की कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम नशिबाकडे. ठेकेदारामार्फत आणलेल्या माणसाची भरपाई मूळ मालकाकडे मागता येते, हे त्यांना कुणी सांगत नाही.

म्हणून श्रोतेहो, काही साध्या गोष्टी ध्यानात ठेवा. अपघात झाला की मालकाला लगेच लेखी कळवा आणि त्याची पोच घ्या. दवाखान्याच्या कागदांवर 'कामावर असताना' हे शब्द लिहून घ्या. हजेरीची, मजुरीची जी चिठ्ठी हाती लागेल ती जपा. दावा दोन वर्षांच्या आत दाखल करा. ईएसआयचं कार्ड असेल, तर भरपाई त्या योजनेतून मिळते, तिथं जा. आणि पुढ्यात कुणी स्टॅम्पपेपर सरकवला, तर अंगठा उठवण्याआधी तो कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या. त्यात 'राजीखुशीने' असं लिहिलेलं असेलच. आपण राजी आहोत का आणि आपल्याला खुशी झाली आहे का, हे तेवढं स्वतःला विचारा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)