तक्रार न करणारं गिऱ्हाईक

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

समोर बसलेले आपले सर, बाई आणि 1997 च्या दहावीच्या माझ्या सगळ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला विषय दिला, ‘नोकरी सांभाळून उद्योग’. उद्योग कुठला ते निमंत्रणपत्रिकेत छापायला मात्र ते लाजले. तेव्हा मीच सांगते. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते आणि सकाळ-संध्याकाळ लोकांचे कुत्रे फिरवण्याची सेवा चालवते. माझ्याकडे तीन मुलं पगारावर आहेत. हसून घ्या, माझ्या सासूबाईही हसल्या होत्या. आता महिनाअखेरीची बिलं त्याच तपासतात.

या धंद्यात एक गंमत आहे. पैसे देणारा ऑफिसात असतो आणि सेवा घेणारा बोलू शकत नाही. अर्धा तास फिरवायचं ठरलं आणि दहा मिनिटांत परत आणलं, तर कुत्रा कुणाला सांगणार? वर घराची किल्ली आपल्याच हातात. आपल्याकडे कुणी ‘विश्वास ठेवा’ म्हटलं, की विश्वास पानिपतात गेला, असं उत्तर ठरलेलं असतं. आम्हाला तो रोज सकाळी सहाला परत आणावा लागतो.

पण नुसती माणसं चांगली असून भागत नाही. बेइमानी पुष्कळदा माणसात येण्याआधी हिशेबात शिरते. शाळेत आपण काळ-काम-वेगाची गणितं सोडवली, तीच इथे लागतात. एक फेरी 30 मिनिटांची. पट्टा बांधणं, लिफ्ट, परत आल्यावर पाय पुसणं, पाणी ठेवणं आणि पुढच्या घरी पोचणं, याची आणखी 10. म्हणजे सकाळी 6 ते 8.40 मध्ये चार फेऱ्या आणि संध्याकाळी चार. एका मुलाच्या दिवसाला आठ. त्यातली एक मी रिकामी ठेवते, कारण कुणाला ताप येतो, कधी पाऊस कोसळतो, कधी लिफ्ट बंद पडते. राहिल्या सात.

आता समजा, फेरीला 100 रुपये घेतले. सात फेऱ्या, 26 दिवस, झाले 18,200. यातूनच मुलाचा पगार, पेट्रोल, पट्टे, औषधपाणी आणि त्याची भरपगारी रजा. तुम्हीच सांगा, बसतं का? बसत नाही. मग इतक्या स्वस्तात करणारा एक तर पाच कुत्रे एकत्र बांधून नेतो, नाही तर अर्ध्या तासाची दहा मिनिटं करतो. त्याला वाईट म्हणण्याआधी त्याचा दर बघा. म्हणून मी दर जास्त ठेवला, नवव्या फेरीला ‘नाही’ म्हणायला शिकले आणि न झालेल्या फेरीचे पैसे बिलातून आपणहून वजा करते.

बाकीचं नियोजन घरच्या शिस्तीसारखं आहे. रेबीजच्या लसीचं चालू वर्षाचं प्रमाणपत्र आणि महापालिकेचा परवाना पाहिल्याशिवाय कुत्रा घेत नाही. मुलांनाही रेबीजची लस आधीच दिली आहे. तरी चावलाच, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं जखम धुवायची आणि लगेच डॉक्टरकडे जायचं. हळद-चुना काही नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, पण वेळेवर उपचार घेतले तर तो टाळता येतो. एप्रिल-मेमध्ये हाताची उलटी बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून बघायची. आपल्याला सोसत नसेल, तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उन्हात धाप फार लवकर लागते, त्यांची फेरी सकाळची पहिली. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यापासून लांब, कारण त्यातून लेप्टो होतो. विष्ठा उचलायची पिशवी खिशात नसेल, तर मुलाने घराबाहेर पडायचंच नाही.

एक प्रसंग सांगते. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी फटाका फुटला. कुत्रा दचकून मागे सरला आणि गळपट्ट्यातून डोकं काढून पळाला. दहा मिनिटांत शेजारच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडला, अंगावर ओरखडाही नाही. कुणीही पाहिलं नव्हतं. आमच्या मुलाने पहिला फोन मालकीणबाईंना केला, दुसरा मला. त्या बाईंनी दुसऱ्या दिवसापासून आमची सेवा बंद केली. त्यांचे दोन कुत्रे होते, रोजच्या चार फेऱ्या गेल्या. माझ्यासाठी ती मोठी रक्कम होती.

त्या महिन्यात मी त्या मुलाचा एक रुपयाही कापला नाही. कापला असता तर पुढच्या वेळी त्याने फोन केला नसता, आणि मग माझ्या हातात किल्ल्या उरल्या असत्या, विश्वास नाही. नियम तेवढा बदलला. आता प्रत्येक कुत्र्याला छातीचा हार्नेस आणि गळपट्टा, दोन्हींना जोडलेला पट्टा. त्या बाई परत आलेल्या नाहीत. खरं बोललं की गिऱ्हाईक टिकतंच, असं मी तुम्हाला सांगणार नाही. कधी कधी जातं. ते जाऊ शकेल एवढी ऐपत धंद्यात ठेवणं, यालाच मी नियोजन म्हणते.

आपल्यापैकी कित्येकांची मुलं आता कामाला लागायच्या वयात आहेत, आणि काहीजण स्वतःच नोकरीला कंटाळले आहेत. कुत्रे नसतील फिरवायचे, तर डबे पोचवा, आजीआजोबांना दवाखान्यात न्या. जिथे गिऱ्हाईक तक्रार करू शकत नाही, तिथे हिशेब दुप्पट चोख हवा. कुणाला सुरू करायचं असेल तर घरी या, माझी वही उघडी आहे. दर, पगार, तोटा, सगळं दाखवीन. फक्त सकाळी 9 नंतर या. त्याआधी मी रस्त्यावर असते.