नातीसाठी केलेलं मोठं बटण

(लिंबागणेश येथे ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत आमच्या एका गटातील ताईंनी मांडलेले मनोगत.)



अध्यक्षताई म्हणल्या, वसुली झाली, इतिवृत्त लिहून झालं, आता तुम्ही त्या बटणाचं सांगा. मी शिवणकाम करणारी बाई. भाषण येत नाही, पण जे केलं ते सांगते.

माझा लेक आणि सून दरवर्षी ऊसतोडीला जातात. नात माझ्यापाशी असते. नऊ वर्षांची आहे. जन्मापासून तिच्या हाताची बोटं आखडलेली, मूठ उघडत नाही. डोकं मात्र लई तल्लख. शेजारची लेकरं मोबाइलवर गेम खेळायची तेव्हा ही जवळ सरकायची. तिचं बोट भलतीकडेच लागायचं, गेम बंद पडायचा. मग पोरं म्हणायची, "तू फक्त बघ." ती रडायची नाही, नुसती बघत बसायची. ते मला जास्त लागायचं.

माझा भाचा बीडला आयटीआयला आहे. त्याच्याकडे जुना कॉम्प्युटर आहे. मी त्याला विचारलं, "अरे, हिला मुठीनं दाबता येईल असं मोठं बटण मिळतं का?" तो म्हणला, "आत्या, मिळतं, पण महाग." मायक्रोसॉफ्ट कंपनीनं 2018 साली अशा लोकांसाठी खास साधन काढलंय. त्यावर दोन मोठी बटणं आणि मागं बाहेरची बटणं जोडायला एकोणीस जागा. मी म्हणलं, आपल्याला एकच बटण पाहिजे. बटण म्हणजे असतं तरी काय?

त्यानं जुना माऊस उघडून दाखवला. आत बोटाच्या पेरापेक्षा लहान बटण. ते दाबलं की आतले दोन पत्रे एकमेकांना टेकतात, आणि कॉम्प्युटरला कळतं की क्लिक झालं. दारावरच्या बेलचंही तसंच. मग ते दोन पत्रे आपण बाहेर काढून मोठे केले तर?

आता कृती सांगते. लिहून घ्या.

माऊसचं वायर आधी कॉम्प्युटरमधून काढा. डाव्या बटणाखाली बारीक पाय असतात. भाच्यानं माऊस जोडून एका तारेनं दोन-दोन पाय टेकवून पाहिले, ज्या दोन पायांनी क्लिक झालं तिथं खूण केली. वायर परत काढली आणि त्या दोन पायांना दोन लांब तारा डाख देऊन जोडल्या. तारा खराब झालेल्या चार्जरच्या.

साडीच्या खोक्याचे वहीएवढे दोन पुठ्ठे घेतले. दोन्हीला आतून पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद चिकटवला. मधे फोमचा तुकडा ठेवला, त्याला भोक पाडलं. दाबलं की भोकातून वरचा कागद खालच्याला टेकतो, सोडलं की फोम त्याला उचलतो. एका कागदाला एक तार, दुसऱ्याला दुसरी.

पहिल्यांदा फसलं. चंदेरी कागदावर डाख बसतच नाही, ओघळून जातो. मग तारेचं वरचं प्लास्टिक सोललं, उघडी तार कागदाच्या घडीत गुंडाळली आणि चिकटपट्टीनं दाबली. दुसऱ्यांदा फोमचं भोक मी वाटीएवढं केलं होतं. पुठ्ठा मधे खचला, कागद चिकटूनच राहिले. मग ब्लाउजच्या पॅडचा जाड फोम घेतला आणि रुपयाएवढी पाच भोकं पाडली. जमलं. वरून जुन्या परकराचं लाल कापड शिवलं. ते काम माझं.

माऊस हलला तर पडद्यावरचा बाणही पळतो. म्हणून पोटाखालच्या लाल दिव्यावर काळी पट्टी लावली. बाण जागेवर न्यायला दुसरा माऊस जोडला, दोन्ही एकदम चालतात.

गेम भाच्यानं स्क्रॅचमधे केला. लेकरांना प्रोग्रॅम शिकता यावेत म्हणून अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठानं 2007 साली हे काढलं, ते फुकट आहे. रंगीत ठोकळे जोडायचे, बास. आमच्या गेममधे कोंबडी पळते, वाटेत दगड येतो, क्लिक केलं की ती उडी मारते. पण नातीची मूठ खाली यायला वेळ लागायचा, तोवर कोंबडी दगडाला धडकायची. पहिल्या दिवशी पंधरा वेळा धडकली. लेकराचं तोंड उतरलं. मी भाच्याला म्हणलं, हिला घाई कशाला करायची, दगडालाच हळू चालव. त्यानं ठोकळ्यातला दहाचा आकडा चार केला. नातीनं सात दगड ओलांडले. मग शेजारच्या पोराकडं बघून म्हणली, "आता तू बघ." आमच्या घरात त्या दिवशी सणच होता.

भाच्यानं मला आणखी एक सांगितलं. 1958 साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम नावाच्या शास्त्रज्ञानं पाहुण्यांसाठी टेनिसचा गेम केला होता. तेव्हा गेमची बटणं दुकानात कुठं होती? त्यानं डबीला एक फिरकी आणि एक बटण बसवून तिथंच करून घेतली. आपल्याकडं पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम काढला. तिथं खेड्यातली पोरं वेल्डिंग, वायरिंग, शेती हातानं करत शिकतात. 2002 साली तिथं फॅब लॅबही आली. म्हणजे गावात बसून यंत्र करणं हे काही नवं नाही.

मला एका प्रशिक्षणात सांगितलं होतं, माऊसला हात लावू नका, बिघडेल. मी चार वर्षं लावला नाही. आता म्हणते, बंद पडलेला माऊस उघडून बिघडणार काय? तो बिघडलेलाच आहे. फक्त एक जपा. माऊसमधे पाच व्होल्टच असतात, त्यानं शॉक बसत नाही. घरातल्या बोर्डाच्या लाइटवर मात्र असले प्रयोग कधीच करू नका, लेकरांना तर अजिबात करू देऊ नका.

कॉम्प्युटर नसला तरी चालेल. बऱ्याच मोबाइलला ओटीजी जोडणीनं माऊस लावता येतो. एका बोटानं टिचकी मारायचा गेम असला की झालं.

माझी एकच मागणी आहे. आपल्या दहा-बारा गटांत हात-पाय नीट न चालणारी आणखी लेकरं आहेत, आपल्याला ती माहीत आहेत. पुढच्या बैठकीला प्रत्येक गटानं एक जुना माऊस, खराब चार्जर आणि पुठ्ठा आणावा. फोम आणि शिलाई माझ्याकडून. भाचा रविवारी यायला तयार आहे. आणि त्या लेकरांनाही संगं आणा, कुणाचा हात चालतो, कुणाचं कोपर, कुणाची टाच, ते बघूनच बटण करायचं.

आज नातही आलीय, दाराशी बसलीय. बैठक संपली की बटण दाबून बघा. पण आधी तिला विचारा, ते तिचं आहे.