हत्तीरोग आणि अपत्यहीनता : एक न बोललेला दुवा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी आरोग्य व्याख्यानमालेतील भाषण)



आरोग्याविषयी काही सांगावे, अशी सूचना मला झाली, तेव्हा मधुमेह किंवा हृदयविकार हे विषय सोयीचे होते. ते चारचौघांत बोलता येतात. मी मुद्दाम निवडलेला विषय मात्र चारचौघांतच काय, पुष्कळदा पतिपत्नींमध्येही निघत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या दोन-तीन पिढ्या या गंगाकाठच्या शहरात गेल्या. येथील हवापाणी आपण आपलेसे केले, त्याबरोबर येथील डासही आपल्या वाट्याला आले. त्या डासांतून पसरणाऱ्या हत्तीरोगाचा पुरुषाच्या प्रजननक्षमतेशी काय संबंध आहे, हे आज पाहावयाचे आहे.

हत्तीरोग म्हटले की सुजलेला पाय डोळ्यांपुढे येतो. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार या रोगामुळे अंगावर सूज आलेले लोक दीड कोटीहून अधिक आहेत, तर अंडवृद्धी, म्हणजे हायड्रोसील, झालेले पुरुष सुमारे अडीच कोटी आहेत. पाय जगाला दिसतो, अंडवृद्धी धोतराआड आणि पँटीआड लपते, एवढाच काय तो फरक. सुश्रुतसंहितेत श्लीपद आणि वृद्धी या दोन्ही विकारांची वर्णने आहेत. आधुनिक काळात या रोगाचे सूक्ष्म जंतू प्रथम दिसले तेही अंडवृद्धीच्या पाण्यातच, 1863 साली पॅरिसमध्ये. पुढे 1872 मध्ये कलकत्त्यास टिमोथी लुईस यांनी ते माणसाच्या रक्तात पाहिले आणि 1877 मध्ये चीनमध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी डासाचा दुवा जोडला.

आपल्या देशात हा रोग मुख्यत्वे वुचेरेरिया बँक्रॉफ्टी या सुतासारख्या कृमीमुळे होतो आणि गटारांच्या, साचलेल्या घाण पाण्यात वाढणारा क्यूलेक्स डास तो पसरवितो. पूर्ण वाढलेले कृमी शरीरातील लसीकावाहिन्यांत काही वर्षे जिवंत राहतात. त्यांची पिले रात्री रक्तात उतरतात. म्हणूनच या तपासणीसाठी रक्त रात्री घेतात. पुरुषांमध्ये या कृमींची आवडती जागा म्हणजे वृषणाजवळच्या लसीकावाहिन्या. तेथे वाहिन्या फुगतात, निचरा बिघडतो आणि वृषणाभोवती पाणी साठते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शुक्रजंतू तयार होण्यास शरीराच्या तापमानाहून दोन-तीन अंश कमी तापमान लागते. निसर्गाने वृषणांना शरीराबाहेर ठेवले ते यासाठीच. भोवती पाण्याची पिशवी जमली की ही थंडाई नाहीशी होते, शिवाय सतत दाब पडतो. मोठ्या व जुन्या अंडवृद्धीत काही रुग्णांच्या वृषणांमध्ये शुक्रजंतूंची निर्मिती मंदावलेली आढळते. दुसरे कारण म्हणजे वारंवार येणारा दाह. ताप, जांघेत गाठ, वृषणात वेदना, असे झटके येऊन गेल्यावर मागे राहणारे व्रण शुक्रजंतूंचा मार्ग अडवू शकतात. तिसरे कारण साधे आहे, तरी कोणी सांगत नाही : सूज फार वाढली की शरीरसंबंधच अवघड होतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. प्रत्येक अंडवृद्धी हत्तीरोगाची नसते आणि हत्तीरोग झालेले पुष्कळ पुरुष सुखाने पिते होतात. तेव्हा घाबरून जाऊ नये, परंतु लपवूही नये.

दवाखान्यात वारंवार दिसणारे दृश्य सांगतो. लग्नाला चार-पाच वर्षे झालेली सून सासूबाईंबरोबर येते. तिच्या हातात तपासण्यांची जाडजूड फाईल असते. व्रते, उपासतापास, अंगारे-धुपारे सर्व झालेले असते. "आणि यजमानांची तपासणी?" असे विचारले की दोघीही खाली पाहतात. वस्तुतः अपत्यहीन जोडप्यांपैकी सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाचा दोष, एकटा किंवा स्त्रीच्या दोषाबरोबर, असतो. आणि वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी, स्वस्त व वेदनारहित तपासणी आहे. ती प्रथम व्हावयास हवी. आपल्याकडे ती शेवटी होते, किंवा होतच नाही. तोवर त्या मुलीने पाच वर्षे बोल ऐकलेले असतात.

अंडवृद्धीवर शस्त्रक्रिया हाच खरा उपाय आहे. ती फार मोठी नसते. सुईने पाणी काढून घेतल्यास ते पुन्हा भरते, शिवाय पू होण्याची भीती असते. डायइथिलकार्बामाझिनच्या गोळ्यांनी रक्तातील जंतू मरतात, परंतु एकदा जमलेली पिशवी गोळ्यांनी जात नाही. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी पुन्हा वीर्यतपासणी करावी. मार्ग कायमचा अडला असला तरी आज वृषणातून थेट शुक्रजंतू घेऊन गर्भधारणा घडविता येते.

प्रतिबंध मात्र आपल्याच हाती आहे. आपल्या देशात या रोगाविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम 1955 साली सुरू झाला, 2004 पासून रोगग्रस्त जिल्ह्यांत सर्वांना वर्षाकाठी गोळ्या दिल्या जाऊ लागल्या आणि 2018 पासून काही जिल्ह्यांत तीन औषधे एकत्र देण्यास आरंभ झाला. 2027 पर्यंत रोग हटविण्याचे ध्येय आहे. पण आपण काय करतो? कार्यकर्ती दाराशी आली की गोळ्या घेतो, "जेवल्यावर खाऊ" म्हणून फळीवर ठेवतो आणि विसरतो. उपाशीपोटी गोळ्या घ्यावयाच्या नाहीत हे खरे. तेव्हा दोन घास खाऊन तिच्यासमोरच गिळाव्यात. गर्भवती स्त्रिया, दोन वर्षांखालील मुले आणि गंभीर आजारी माणसे यांनी त्या घेऊ नयेत. नंतर थोडा ताप किंवा मळमळ झाली, तर ते बहुधा अंगातील जंतू मरत असल्याचे लक्षण असते. हे दुखणे परक्या मुलखाचे आहे, असेही समजू नये. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या आपल्या जिल्ह्यांतही ते आहे.

शेवटी वडीलधाऱ्यांना एक विनंती. घरातल्या तरुणाने सूज किंवा दुखणे सांगितले, तर त्याची थट्टा करू नका. त्याला डॉक्टरांकडे पाठवा. आणि सुनेला दवाखान्यात आणाल, त्या दिवशी मुलालाही बरोबर आणा.