गाडीवरचे रंगाचे ठिपके आणि थिनरची घाई

आजचा भाग छोटा आहे, आणि थोडा लाजेचा पण.

आमच्या सोसायटीचं बाहेरून रंगकाम चाललं होतं. गाड्या हलवा अशी नोटीस लागली होती. बाबांची लाल वॅगनआर हलवायचं काम माझं, आणि मी झोपून राहिलो. दुपारी खाली आलो तर बॉनेटवर साबुदाणा सांडल्यासारखे पांढरे ठिपके. तोवर सेक्रेटरी काकांनी रंगवाल्या दादांना सुनावलं होतं, "प्लॅस्टिक का नाही टाकलं? दोन दिवसांची मजुरी कापणार." मी म्हटलं, काका थांबा, मी काढतो.

मग काय, फोन काढला. पहिल्याच व्हिडिओत एक जण थिनर लावून डाग पुसत होता. आणलं थिनर, कापूस बुडवला आणि बंपरच्या कोपऱ्यावर घासायला सुरुवात केली. ठिपका गेला. पण कापूस बघितला तर लाल! टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शनवर कोड टाकल्यासारखं झालं हे.

झालं काय, तर तो बंपर दोन वर्षांपूर्वी ठोकला होता आणि गल्लीतल्या गॅरेजमध्ये रंगवून घेतला होता. कंपनीतला रंग भट्टीत भाजून पक्का केलेला असतो, आणि बहुतेक गाड्यांवर त्याच्या वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हा थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ. गॅरेजचा साधा, हवेवर सुकवलेला रंग थिनरमध्ये चक्क विरघळतो. कापडावर गाडीचा रंग यायला लागला की तिथल्या तिथे थांबायचं. मी थांबलो, पण कोपरा मॅट झाला तो झालाच.

तेवढ्यात ते रंगवाले दादा खाली आले. म्हणाले, "अहो साहेब, हा पाण्यातला रंग. याला थिनर कशाला?"

आणि इथेच सगळी मेख आहे. आधी कुठला रंग उडालाय ते विचारा. भिंतीचा इमल्शन पाण्यातला असतो. ओला असताना नुसत्या पाण्याने धुतला जातो. सुकला तरी गुळगुळीत पत्र्यावर तो फार घट्ट धरत नाही. आम्ही गाडी सावलीत ढकलली, आधी धूळ धुतली, कारण धुळीसकट घासलं की चरे पडतात. मग कोमट शॅम्पूच्या पाण्यातलं फडकं ठिपक्यांवर पंधरा-वीस मिनिटं ठेवलं. निम्मे ठिपके नखानेच निघाले. हट्टी होते त्यांना आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेच ते मोबाईल रिपेअरवाले बोर्ड पुसायला वापरतात ते. आधी दाराच्या आतल्या कडेला लावून बघितलं, या वेळी! मऊ कापडावर थोडंसं घेऊन पुसलं, आणि लगेच पाण्याने धुतलं.

ग्रिलचा ऑइल पेंट उडाला असेल तर गोष्ट वेगळी. तो पाण्याला दाद देत नाही. ताजा असेल तर टर्पेंटाइन, तेही कापडावर थोडंच, आणि नंतर शॅम्पूने धुवायचं. रबर आणि काळ्या प्लॅस्टिकपासून लांब.

शेवटी बारीक कण राहतात, स्प्रेचे तर हमखास. डोळ्यांना दिसत नाहीत. हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून फिरवा, बारीक रवा लागल्यासारखं जाणवतं. त्यासाठी क्ले बार मिळतो, मळलेल्या कणकेसारखा. पत्रा शॅम्पूच्या पाण्याने निसरडा ठेवायचा आणि क्ले हलक्या हाताने फिरवायचा. दाबायचं नाही. मळला की घडी घालून स्वच्छ बाजू वर घ्यायची. खाली पडला तर सरळ फेकून द्या. त्याला चिकटलेली वाळू गाडीला ओरखडे पाडेल. क्लेने आधीचं वॅक्स निघून जातं, म्हणून शेवटी वॅक्स लावलं.

तीन तास लागले. दादा अर्धा वेळ माझ्यासोबत फडकं घेऊन उभे होते.

संध्याकाळी सेक्रेटरी काका बघायला आले. बॉनेट चकाचक. मग त्यांचं बोट बंपरच्या कोपऱ्याकडे गेलं. "हा पण त्याचाच ना?"

दादा माझ्याकडे बघत होते. बाबा पण.

म्हटलं, "नाही काका, तो माझा. आणि गाडी पण मीच हलवली नव्हती."

मजुरी कापली गेली नाही. बंपरचे पैसे बाबा माझ्याकडून घेणार आहेत. चला, भेटू पुढच्या रविवारी.