विद्यापीठ शाळेच्या दारी : होशंगाबादचा धडा
(व्याख्यानाचे शब्दांकन)



शिक्षक घडविण्याचे कार्य कोणाचे, असे विचारले असता सहज उत्तर मिळते – अध्यापक महाविद्यालयाचे. परंतु ज्या शाळेत त्या शिक्षकाला आयुष्यभर शिकवावयाचे असते, ती शाळा या कार्यात कोठे असते? आणि जेथे विषयाचे ज्ञान वाढते, ते विद्यापीठ कोठे असते? १९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने याच दोषावर बोट ठेवले होते. शिक्षक-प्रशिक्षण विद्यापीठीय जीवनापासून आणि शाळेच्या दैनंदिन व्यवहारापासूनही तुटले आहे, असे त्याचे निदान होते.

या दुखण्यावर उपचाराचा एक लक्षणीय प्रयत्न मध्य प्रदेशात झाला. होशंगाबाद म्हणजेच आजच्या नर्मदापुरम जिल्ह्यातील १६ शासकीय शाळांत १९७२ साली सहावी ते आठवीच्या विज्ञान-शिक्षणाचा नवा कार्यक्रम सुरू झाला. पुढाकार होता किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन स्वयंसेवी संस्थांचा. किशोर भारतीचे संस्थापक अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधनकार्य सोडून ग्रामीण भागात गेले होते. त्या संस्थेतील शास्त्रज्ञ प्रथम मदतीस आले. पुढे दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापकही सहभागी झाले. शाळा, शिक्षक व परवानगी शासनाची होती. ज्ञान विद्यापीठाचे होते. दोहोंना जोडणारा दुवा स्वयंसेवी संस्थांचा होता.

या प्रशिक्षणाचे वैशिष्ट्य असे की, तेथे शिक्षकांसमोर केवळ भाषणे झाली नाहीत. उन्हाळी सुट्टीतील शिबिरांत शिक्षक गटागटाने बसत, जे प्रयोग विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावयाचे ते स्वतः करीत, चुकत आणि वाद घालीत. वर्षभर दरमहा शिक्षकांची गोष्ठी भरे. वर्गातील अडचणी तेथे मांडल्या जात. त्या अनुभवांतून 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकांचे पाठ सुधारले जात. परीक्षाही बदलली. पुस्तक उघडे ठेवून उत्तरे लिहावयाची आणि प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवावयाचा, अशी पद्धत आली. खेड्यातील शिक्षक प्राध्यापकाकडून विज्ञान शिकला, हे खरेच. परंतु दहा-अकरा वर्षांच्या मुलाला ते कसे उमगते, हे प्राध्यापक त्याच शिक्षकाकडून शिकले. ही देवघेव दुहेरी होती, म्हणूनच तिला भागीदारी म्हणावयाचे.

१९७८ साली कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात पोहोचला. १९८२ साली स्थापन झालेल्या 'एकलव्य' संस्थेने तो पुढे नेला आणि कालांतराने सुमारे एक हजार शाळा त्यात आल्या. मात्र २००२ साली राज्य शासनाच्या आदेशाने तो बंद झाला. देशातील अनेक शास्त्रज्ञांनी व शिक्षणतज्ज्ञांनी विरोध नोंदविला, पण निर्णय बदलला नाही.

तीस वर्षांच्या या ताळेबंदात जमेची बाजू मोठी आहे. सामान्य शासकीय शाळेतील शिक्षक आत्मविश्वासाने प्रयोग करू शकतो, हे सिद्ध झाले. परंतु खर्चाची बाजूही डोळ्यांआड करता येत नाही. विद्यापीठातून माणसे आली ती स्वतःच्या तळमळीने. शासकीय शाळेत जाऊन शिक्षकांबरोबर काम करणे हे विद्यापीठाचे नित्य कर्तव्य ठरले नाही. उभयपक्षी बंधनकारक असा दीर्घ मुदतीचा करार नसेल, तर तीस वर्षांचे कार्यही एका आदेशाने थांबू शकते.

आज हा धडा अधिकच महत्त्वाचा आहे. २०१४ च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचे केले आणि त्यात वीस आठवड्यांचा शालेय अनुभव ठरविला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय संस्थांतून चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाचा पुरस्कार केला. आराखडा उत्तम आहे. पण छात्राध्यापक शाळेत केवळ पाठांची संख्या भरून परतला, तर तो कागदावरच राहील. शाळेतील अनुभवी शिक्षकाला मार्गदर्शकाचा दर्जा, वेळ व मोबदला मिळावयास हवा. प्राध्यापकाच्या शाळेतील कामाची गणना त्याच्या सेवेत व्हावयास हवी.

येथे समाजातील दानशूरांचेही कर्तव्य आहे. इमारतीवर नाव कोरले जाते. दरमहा भरणाऱ्या शिक्षकांच्या बैठकीवर कोरले जात नाही. तथापि त्या बैठकीचा प्रवासखर्च, प्रयोगसाहित्य आणि ग्रंथ यांसाठी दहा-वीस वर्षे अखंड दिलेले दान एखाद्या इमारतीहून कमी मोलाचे नव्हे. विद्यापीठ आणि शासकीय शाळा यांच्यामधील दुवा टिकविणे, हेच त्या दानाचे सार्थक होय.